भंगारात जाण्यापूर्वी : जुन्या कॉम्प्रेसरचे छायाचित्रण

बीड जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, गेवराई तालुक्यात चकलांबा हे गाव आहे. या पट्ट्यात शेती म्हणजे विहीर. जायकवाडीचा उजवा कालवा तालुक्यातून जातो खरा. परंतु त्याच्या लाभक्षेत्राबाहेर राहिलेल्या शिवारांना पावसाखेरीज आधार तो विहिरीचाच, आणि गेल्या काही दशकांत बोअरचा. जमिनीखाली दख्खनचा पाषाण पसरलेला आहे. माती सरते, मुरूम लागतो, मग मांजऱ्या, आणि त्याखाली पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. पूर्वी हा पाषाण वडार कारागीर घण, छिन्नी आणि सुरुंगाची दारू यांनी फोडीत. पुढे त्यांच्या हाती हवेवर चालणारा जॅकहॅमर आला आणि विहिरीच्या काठावर एक नवे यंत्र उभे राहिले. ते म्हणजे कॉम्प्रेसर.

मराठवाड्यातील बागायती शेतीच्या इतिहासात या यंत्राचा वाटा मोठा आहे. तरीही त्याचे एखादे चांगले जुने छायाचित्र शोधू गेल्यास ते सहसा हाती लागत नाही. विहिरीला पाणी लागल्याचा आनंद, वाढवलेला नारळ, मोटार बसविल्यानंतर पाइपातून पडणारी पहिली धार यांची छायाचित्रे घरोघरी असतात. ज्या यंत्राने खडक फोडला ते मात्र तोवर ट्रॅक्टरमागे बांधून पुढच्या गावी गेलेले असते. असे अखेरीस एके दिवशी ते भंगाराच्या वजनकाट्यावर चढते. जुन्या औद्योगिक यंत्रांचे छायाचित्रण हा छंद म्हणून अलीकडे थोडाफार रुजू लागला आहे. पण आपल्याकडे त्याची खरी निकड छंदाहून वेगळी आहे. बहुतेक यंत्रांच्या बाबतीत छायाचित्र हाच मागे उरणारा एकमेव पुरावा ठरणार आहे.

हवेने फोडलेला पाषाण

यंत्राचे छायाचित्र घेण्यापूर्वी ते काय करते हे ठाऊक असणे आवश्यक असते. अन्यथा चित्र सुंदर येते आणि निरुपयोगी ठरते. विहिरीच्या कामावर दिसणारा जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर हा पिस्टनचा, दोन टप्प्यांचा असतो. त्याला कमी-अधिक व्यासाचे सिलिंडर असतात. मोठ्या सिलिंडरमध्ये बाहेरची हवा प्रथम दाबली जाते. दाबल्याने ती तापते, म्हणून पंखेदार नळ्यांच्या मधल्या कूलरमधून ती थंड करून लहान सिलिंडरकडे पाठवितात. तेथे तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सात किलोपर्यंत नेला जातो आणि ती लोखंडी टाकीत साठते. टाकीवर दाब दाखविणारे घड्याळ, जादा दाब सोडून देणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि तळाशी साचलेले पाणी काढण्याची तोटी असते. टाकीतून निघालेली रबरी नळी विहिरीच्या तळाशी जॅकहॅमरपर्यंत जाते. तो मिनिटाला दोन हजारांच्या आसपास ठोके देत पाषाणात चार-पाच फूट खोल छिद्र पाडतो. त्यात सुरुंग भरतात आणि उडालेला दगड यारीने वर ओढतात.

हे एवढे समजले की कोणती छायाचित्रे हवीत याचा उलगडा आपोआप होतो. दोन सिलिंडरांच्या आकारातील फरक एकाच चित्रात दिसला पाहिजे, कारण त्यावरून यंत्राचे टप्पे कळतात. मधला कूलर दिसला पाहिजे. यंत्राला गती कोठून मिळते, डिझेल इंजिनाच्या पट्ट्याने की ट्रॅक्टरच्या मागील दांड्याने, हे स्पष्ट दिसले पाहिजे. चाकांच्या गाड्यावर बसविलेला, ओढून न्यावयाचा जुना कॉम्प्रेसर आणि ट्रॅक्टरच्या पाठीवर चढविलेला नंतरचा कॉम्प्रेसर हे दोन वेगळ्या काळांचे दाखले आहेत. पहिला बव्हंशी सरकारी कामे, खाणी आणि ठेकेदार यांच्याकडे असे. दुसऱ्याने मात्र गावातल्याच एखाद्या तरुणाला कर्ज काढून स्वतःचा धंदा उभा करता आला. हा सामाजिक बदल लोखंडाच्या जोडणीतून वाचता येतो. मात्र जोडणी चित्रात आली तरच.

यंत्रावरची नावेही इतिहास सांगतात. पुण्यात हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिकची स्थापना १९५८ मध्ये झाली. कोइम्बतूरची एल्जी ही कंपनी १९६० मधली. त्यापूर्वीचे कॉम्प्रेसर बहुतांशी इंग्लंड-अमेरिकेतून आलेले. म्हणजे एखाद्या शिवारात पडलेल्या यंत्रावर कोणत्या देशाचे आणि गावाचे नाव ओतलेले आहे, एवढ्यावरून देशाच्या औद्योगिक धोरणाचा एक टप्पा हाताला लागतो.

गोदावरीपलीकडचे उदाहरण

गेवराई तालुक्यातून गोदावरी ओलांडली की जालना जिल्हा लागतो. १९६० च्या दशकात जालना येथील स्कॉटिश मिशनने हवेच्या हातोड्याने बोअर खोदण्याचे काम हाती घेतले. ठोकळ्याच्या जुन्या यंत्रांना काळ्या पाषाणात एका बोअरसाठी कित्येक आठवडे लागत; दाबलेल्या हवेवरचे यंत्र तेच काम एक-दोन दिवसांत उरकी. १९६७ च्या दुष्काळात युनिसेफने अशीच यंत्रे विमानाने भारतात आणली. बोअर झाले, पण त्यावर बसविलेले ओतीव लोखंडाचे हातपंप दिवसभराच्या गर्दीपुढे टिकेनात. घरगुती वापरासाठी घडविलेला पंप अख्ख्या गावाने हापसला तर दुसरे काय होणार? या अडचणीतून जालन्यात पोलादी पंपाची एक रचना तयार झाली, तिची सुधारित आवृत्ती सोलापुरात निघाली, आणि सोलापूर पंपाच्या पायावर १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क २’ हा हातपंप उभा राहिला. आपल्या गावचौकात ‘हापसा’ म्हणून ओळखला जाणारा आणि पुढे आफ्रिकेपर्यंत पोहोचलेला पंप तो हाच.

जगभर गेलेल्या या यंत्राची वंशावळ जालना आणि सोलापूर या दोन शहरांशी जोडलेली आहे, हे मराठवाड्यातल्या किती जणांना ठाऊक असेल? कारण उघड आहे. हापसा दिसतो, त्याआधी त्या जागी धुळीचा लोट उडवून गेलेला कॉम्प्रेसर कोणाच्या नजरेत राहत नाही. जुना हापसा उपटून विजेचा पंप बसविण्याचे काम आज सर्वत्र चालू आहे. म्हणून ज्या गावात जुना हापसा अद्याप उभा आहे, तेथे त्याचेही चारही बाजूंनी छायाचित्र घेऊन ठेवणे अगत्याचे होय. दांड्याची साखळी, पाण्याची टाकी, पाय रोवलेला चौथरा आणि हातांनी गुळगुळीत झालेले टोक, सारे त्यात यावे.

खंडेनवमीचा हार

आपल्याकडे यंत्राचे छायाचित्र मुळीच निघत नाही असे मात्र नाही. ते ठरावीक दिवशी निघते. यंत्र विकत आणले त्या दिवशी आणि खंडेनवमीला. नवरात्राच्या नवव्या दिवशी हत्यारांची पूजा करण्याचा परिपाठ कारखान्यांनी, गिरण्यांनी आणि गॅरेजांनीही उचलला. यंत्र पुसून लख्ख केले जाते, झेंडूचा हार घातला जातो, हळदीकुंकवाची बोटे उमटतात आणि मालकापासून हेल्परपर्यंत सारे यंत्राभोवती उभे राहतात. जुन्या यंत्रांचा माग काढणाऱ्याने प्रथम हे फोटो मागावेत. त्यांत यंत्र पूर्ण दिसते, शेजारी माणसे असल्याने त्याच्या आकाराचा अंदाज येतो आणि बहुधा मागे वर्ष लिहिलेले असते. कोणत्याही अभ्यासकाने ठरवून केले नाही असे हे दस्तऐवजीकरण कपाटांत पडून आहे. अनेक जिनिंग आणि पिठाच्या गिरण्यांच्या यंत्रांचा दुसरा पुरावा शिल्लकच नाही.

व्यावसायिक छायाचित्रणाची परंपरा याहून निराळी. मुंबईत काम केलेले मित्तर बेदी (१९२६-१९८५) हे भारतातील औद्योगिक छायाचित्रणाचे अग्रणी मानले जातात. स्वातंत्र्योत्तर काळात उभे राहिलेले कारखाने, शुद्धीकरण प्रकल्प आणि यंत्रशाळा यांचे त्यांनी घेतलेले कृष्णधवल फोटो आजही पाहत राहावेत असे आहेत. परंतु ही कामे कंपन्यांनी सोपविलेली होती आणि कंपनीला नवे यंत्र दाखवावयाचे असते. तारुण्यातले यंत्र त्यात भरभरून सापडते, म्हातारपणातले नाही. त्याआधी, १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ हेही मुळात कारखान्याचे मुखपत्रच होते. अशी मुखपत्रे, माहितीपत्रके आणि जाहिराती जपून ठेवण्याजोग्या आहेत. शेतात गंजलेले यंत्र मूळ कसे होते, त्यात कोणता भाग स्थानिक मिस्त्रीने बदलला, हे त्यांच्याशी ताडून पाहता येते.

डॉर्टमुंडची यंत्रशाळा

छायाचित्रामुळे यंत्रे वाचल्याचे सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीतील आहे. डॉर्टमुंड शहराजवळ झोलर्न नावाची कोळशाची खाण होती. विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या तिच्या यंत्रशाळेत खाणीला दाबलेली हवा पुरविणारे कॉम्प्रेसर आणि पाळणा ओढणारे विजेचे यंत्र होते. १९६६ मध्ये खाण बंद झाली आणि यंत्रशाळा पाडण्याचे ठरले. त्या सुमारास बर्न्ड आणि हिला बेखर हे छायाचित्रकार दांपत्य खाणींचे मनोरे, भट्ट्या, पाण्याच्या टाक्या यांची छायाचित्रे घेत फिरत होते. यंत्रशाळा वाचविण्यासाठी शासनाकडे दाद मागणाऱ्यांत तेही होते. १९६९ मध्ये ती संरक्षित झाली. जर्मनीत कारखान्याच्या वास्तूला स्मारकाचा दर्जा देण्याची सुरुवात येथूनच झाल्याचे मानतात. आज तेथे संग्रहालय आहे.

बेखर दांपत्याची पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. ढगाळ, सपाट प्रकाश. कॅमेरा समोर आणि काहीसा उंचावर. माणूस नाही, धूर नाही, नाट्य नाही. एकाच प्रकारच्या वास्तूंची अनेक छायाचित्रे शेजारी मांडली की साम्य आणि भेद डोळ्यांना आपसूक दिसतात. आपल्याकडच्या कॉम्प्रेसरांना, तेलाच्या इंजिनांना ही रीत उत्तम लागू पडते. फक्त एका बाबतीत ती जशीच्या तशी उचलू नये. माणूस वगळण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. येथे यंत्राची कागदपत्रे नसतात, माहितीपुस्तिका हरवलेली असते. यंत्राची सारी माहिती ते चालविणाऱ्या फिटरच्या डोक्यात असते.

मुंबईने ही संधी गमावली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. पुढे जमिनी विकल्या गेल्या, मॉल उभे राहिले. लोअर परळला फिनिक्स मिलची चिमणी अजून उभी आहे. तिच्या आवारात फिरणाऱ्या नव्या पिढीला त्या चिमणीखाली कोणती यंत्रे होती याची कल्पना नसते. चिमणी शोभेसाठी ठेवता आली, मागांना आणि बॉयलरना ते भाग्य लाभले नाही. कायद्याचे कवचही तोकडे पडते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तूला सर्वसाधारणपणे शंभर वर्षांची अट आहे. त्यामुळे १९५० किंवा १९६० मधले यंत्र, ते कितीही दुर्मीळ असले तरी, विकणाऱ्याला आणि वितळविणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही.

आधी पाटी

यंत्रापाशी पोहोचल्यावर पहिले छायाचित्र पाटीचे घ्यावे. दृश्य कितीही मोहक असले तरी क्रम हाच ठेवावा. पितळेला लोखंडाहून अधिक भाव मिळतो, म्हणून यंत्र भंगारात निघाले की पितळी पाटी सर्वांत आधी निखळते आणि तिच्याबरोबर निर्मात्याचे नाव, क्रमांक, अश्वशक्ती आणि फेऱ्यांची संख्या जाते. उद्या यंत्र तेथेच असेलही, पाटी असेलच असे नाही.

पाटीवर समोरून फ्लॅश मारल्यास मधोमध पांढरा डाग पडतो आणि अक्षरे पुसली जातात. त्याऐवजी बॅटरीचा झोत बाजूने, जवळजवळ पाटीला समांतर टाकावा. झिजलेली अक्षरेही सावलीमुळे उठून दिसतात. झोताची बाजू बदलून तीन-चार छायाचित्रे घ्यावीत. धूळ कोरड्या कापडाने पुसावी, परंतु पॉलिश पेपर, रॉकेल किंवा रंग यांना हात लावू नये. जिनिंगच्या जुन्या यंत्रांत निर्मात्याचे नाव पाटीवर नसून बिडाच्या सांगाड्यातच ओतलेले आढळते. लँकेशायरमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची जिने हे याचे परिचित उदाहरण. तेथे तेलकट काजळीखाली अक्षरे बोटांनी चाचपून शोधावी लागतात.

प्रकाश आणि अंतर

मराठवाड्याचे ऊन हा छायाचित्रकाराचा शत्रू होय. उघड्यावरच्या काळ्या, तेलकट लोखंडावर दुपारच्या उन्हात छायाचित्र घेतल्यास कडा पांढऱ्या जळतात आणि अंगातले तपशील काळोखात बुडतात. सूर्योदयानंतरचा पहिला तास किंवा पावसाळी आभाळ उत्तम. पत्र्याच्या शेडमध्ये उलट अडचण असते. आत अंधार आणि फटींतून धारदार कवडसे. तिवई लावून, छिद्र लहान ठेवून, एक-दोन सेकंदांचा प्रकाश द्यावा. कॅमेऱ्याचे मापक काळे यंत्र पाहून फसते आणि चित्र गरजेपेक्षा उजळ काढते. म्हणून प्रकाश थोडा उतरवून आणखी एक प्रत घ्यावी. तिवई नसेल तर मोबाइल एखाद्या पेटीवर किंवा विटांवर टेकवून, काही सेकंदांच्या टायमरवर घेतलेले चित्रही पुरेसे स्थिर येते.

जवळ जाऊन रुंद भिंगाने घेतलेले चित्र भरदार वाटते, पण त्यात फ्लायव्हील अंडाकृती होते आणि जवळचा सिलिंडर दूरच्याच्या दुप्पट भासतो. दोन सिलिंडरांचा फरक हाच जेथे महत्त्वाचा, तेथे असे चित्र खोटी साक्ष देते. शक्य तितके मागे सरकावे, कॅमेरा चाकाच्या आसाच्या उंचीवर धरावा आणि समोर, मागे, दोन्ही बाजू अशी चार छायाचित्रे घ्यावीत. एका चित्रात मोजपट्टी अवश्य असावी. नाणे किंवा काडेपेटी ठेवण्याची सवय सोडलेली बरी, त्यांचे आकार काळानुसार बदलतात. गंज, तेलाचे ओघळ, वेल्डिंगचे ठिगळ, सायकलच्या ट्यूबने बांधलेली नळी हे सारे जसेच्या तसे राहू द्यावे. मूळ सुटा भाग मिळत नसताना यंत्र चालते कसे ठेवले, याची नोंद त्यातच असते.

यंत्र चालू स्थितीत असेल तर एक छायाचित्र वेगवान आणि एक संथ शटरने घ्यावे. पहिल्यात चाकाचे आरे मोजता येतात, दुसऱ्यात त्याची गती जाणवते. आवाजही ध्वनिमुद्रित करावा. गिरणीच्या एक सिलिंडरी इंजिनाची पुकपुक ही एके काळी गावाची वेळ सांगणारी खूण होती. कोणते इंजिन चालू आहे, एवढेच नव्हे तर त्यावर किती ओझे आहे, हे जाणते फिटर दुरूनच ओळखीत.

जपून

काही पथ्ये जीवाशी संबंधित आहेत. चालत्या पट्ट्याजवळ कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा, उपरणे किंवा ओढणी लोंबती ठेवू नये. वर्षानुवर्षे पडून असलेल्या कॉम्प्रेसरची टाकी आतून गंजून पातळ झालेली असते. निव्वळ छायाचित्रासाठी ते यंत्र चालू करावयास कोणाला सांगू नये आणि तोट्या स्वतः फिरवू नयेत. सुरुंग भरण्याचे काम चालू असेल तेथून दूर राहावे. खडक फुटतानाचे चित्र मिळावे म्हणून काठावर थांबणे हा निव्वळ अविचार होय. बांधकाम न केलेल्या विहिरीची कड ढासळते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, शहरातून आलेल्या छायाचित्रकाराला सांगावे लागते.

परवानगीचा प्रश्नही गांभीर्याने घ्यावा. शेतातले यंत्र कोणाच्या तरी मालकीचे असते. कित्येकदा त्यावर बँकेचा बोजा असतो, भाऊबंदकीचा वाद असतो, आणि कॅमेरा घेऊन आलेला अनोळखी माणूस वसुलीचा की सर्व्हेचा अशी शंका येणे स्वाभाविक आहे. हेतू स्पष्ट सांगावा. गढीच्या जय भवानी सहकारी साखर कारखान्यासारख्या ठिकाणी व्यवस्थापनाची लेखी परवानगी हवी. परळीच्या औष्णिक वीजकेंद्रासारख्या शासकीय आस्थापना, धरणे आणि त्यांची यंत्रगृहे येथे परवानगीविना कॅमेरा काढूच नये. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली प्रतिबंधित ठरविलेल्या जागेचे छायाचित्रण हा गुन्हा आहे.

फोटोमागची नोंद

नोंदीविना छायाचित्र काही वर्षांतच मुके होते. गाव, शिवार, तारीख, मालकाच्या संमतीने त्याचे नाव, यंत्र कोठून आणले, कोणकोणत्या गावी चालले, शेवटचे केव्हा चालले, एवढे त्याच दिवशी लिहावे. भागांची नावे फिटर ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत उतरवून घ्यावीत. ‘वॉशर’चे ‘वायसर’ झाले असेल तर ते तसेच राहू द्यावे, कंसात शुद्ध रूप देण्याची घाई करू नये. एखाद्या कॉम्प्रेसरने किती विहिरी फोडल्या हे त्याच्या चालकाला बहुधा तोंडपाठ असते. कोणत्या विहिरीला पाणी लागले नाही, हे तर तो कधीच विसरत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी सांगू शकणारे चालक आता ऐंशीच्या घरात आहेत.

फाइलचे नाव कॅमेऱ्याने दिलेले न ठेवता गाव, यंत्र आणि वर्ष असे ठेवावे आणि प्रती दोन वेगळ्या ठिकाणी जतन कराव्यात. व्हॉट्सॲपवरून पाठविलेले चित्र आक्रसते आणि पाटीवरची बारीक अक्षरे त्यातून नाहीशी होतात, म्हणून मूळ फाइल हाती ठेवावी. एक छापील प्रत यंत्राच्या मालकाला द्यावी. तिच्या मागे यंत्राचा क्रमांक आणि तारीख शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावी. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.